सुनेनं खाली घातलेली मान

१४ जून १९९६
डोंगरावरचं हॉस्पिटल, पुरुषांचा वॉर्ड

आत्या,

खिंड बंद झाली आहे. यंदाचा हिवाळा जूनमधेच कडक निघाला, परवापासून बर्फ पडतंय. सुट्टीवर गेलेल्या दोघी सिस्टर खालीच अडकल्यात, त्यामुळे वॉर्डात मी आणि मदतनीस दिमाकात्सोबाई अशा दोघीच. अठ्ठावीस खाटांवर एकेचाळीस पुरुष आहेत. ज्यांना खाट मिळाली नाही ते दोन खाटांच्या मधे जमिनीवर झोपतात. निम्मे तरी जुने खाणकामगार, सगळ्यांची छाती फुटक्या भात्यासारखी वाजते. हा माझा सलग चौथा दिवस.

तू विचारलं होतंस, एवढं सगळं तू निभावतेस कशी. खरं सांगू? प्रत्येकीची आपली एक युक्ती असते. खालच्या वॉर्डातली एक जण हात धूत बसते, साल निघेपर्यंत. मी चादरींच्या खोलीत जाते. दार लावते आणि धुतलेल्या चादरी उलगडून पुन्हा घडी घालते. चार चादरींत छातीतली धडधड खाली येते. सकाळी पाळी बदलताना आम्ही स्तोत्र म्हणतो ना, तेही बरं वाटतं, कारण गाताना कुणी काही मागत नाही. दिमाकात्सोबाईंचं तर वेगळंच आहे. काल त्यांना म्हटलं, "बाई, तुम्हाला भीती नाही का वाटत?" तर म्हणतात, "वाटते की! मी तिला वेळ लावून दिलीय. चहाच्या सुट्टीत दहा मिनिटं घाबरते. उरलेली उद्या." आणि खरंच कप हातात घेऊन खिडकीशी गप्प उभ्या राहतात. मग कप धुतात नि ओरडतात, "चला, आता कोण मरतंय ते बघू!"

आज सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दोन म्हातारे भाऊ आले. एकाच्या छातीत पाणी, दुसऱ्याला साखरेचा आजार आणि पायाला जखम. सोबत धाकट्याची सून, जेमतेम एकोणीसची, पाठीला तान्हं बांधलेलं. थंडीनं पोरीचे ओठ निळे झाले होते. आल्या आल्या तिनं आधी दोन्ही सासऱ्यांचे पाय चोळले, मग स्वतःचे.

खिंड उघडली की हे पत्र बसबरोबर येईल. गाय व्यायली का?

पुलेंग


२५ जून १९९६
हा-सेखोबे

पुलेंग, माझ्या भावाच्या लेकी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा पटकन वाचते, काही वाईट आहे का ते बघायला. दुसऱ्यांदा सावकाश.

गाय व्यायली, कालवड झाली. पिच झाडाची एक फांदी बर्फानं मोडली. शेजारची म्हातारी विचारत होती, पुलेंगचं लग्न कधी. मी म्हटलं, तिच्याकडे एकेचाळीस पुरुष आहेत, एकही धड चालत नाही. ती अजून हसते आहे.

चादरींच्या घड्या घाल, हरकत नाही. पण जेव. तू भरल्या ताटावरून उठणारी आहेस, लहानपणापासून. सकाळी मक्याच्या पिठाची घट्ट पापा आणि भाजी खाऊन जा, नुसत्या चहावर जाऊ नकोस. रिकाम्या पोटात भीती लवकर चढते. तुझे काका वारले तेव्हा पहिला महिनाभर मी शेजारणींनी भरवलं म्हणून जगले. काळी वस्त्रं अंगावर होती आणि मी भिंतीकडे तोंड करून बसायची. एक बाई रोज यायची, माझ्या हातात चमचा द्यायची आणि म्हणायची, रड, पण चावत चावत रड.

दिमाकात्सोबाईंना माझा नमस्कार सांग. बाई शहाणी दिसते.

त्या सुनेला वॉर्डात काही गरम अंगावर घ्यायला आहे का? नसलं तर कळव. माझ्याकडे काकांचं एक जुनं ब्लँकेट आहे.

तुझी आत्या, मा-थातो


२ जुलै १९९६

आत्या,

ब्लँकेट पाठवू नकोस. इथे पुरेशी आहेत.

खिंड उघडली, दोघी सिस्टर परत आल्या. तरी माझ्या हातातून वस्तू पडतात. थंडीनं असेल. काल औषधाची बाटली फुटली. चादरींच्या खोलीत जाऊन सोळा चादरींच्या घड्या घातल्या, धडधड खाली आली नाही. मग दिमाकात्सोबाई दारावर थाप मारून म्हणाल्या, "पोरी, आता त्या चादरींनाच माणसं नेमावी लागतील." मला हसू आलं नाही.

त्या दोन भावांबद्दल लिहिलं होतं. धाकटे, मोएकेत्सीबाबा, पंधरा तारखेला सकाळी एकदम घामाघूम झाले. मग झटके आले. डोळे पांढरे केले. मी धावत जाऊन ग्लुकोज लावलं. डॉक्टर शस्त्रक्रियेत अडकले होते, उशिरा आले. म्हणाले, ताप मेंदूत गेला असेल, ग्लुकोज लावलंस ते हुशारीचं काम केलंस. सगळ्यांसमोर शाबासकी दिली. बाबा जगले आहेत. डोळे उघडतात, पण ओळखत नाहीत. बोलत नाहीत. उजवा हात पडून असतो.

त्या दिवशी सकाळी सुनेनं त्यांना मोतोहो भरवलं होतं, घरून डब्यात आणलेली आंबील. खिंडीपलीकडे अडकलेली सासू खिंड उघडल्यावर आली. तिनं आल्या आल्या विचारलं, "काय खाल्लं होतं?" सूनबाईनं सांगितलं. तेव्हापासून सासू तिच्याकडे बघत नाही. बाहेर नातेवाइकांच्या चुलीशी बायका कुजबुजतात, पोरीनं आंबिलीत काही घातलं. नवरा खाणीवर, सासऱ्याशी जमत नव्हतं म्हणे. पोर मला विचारते, "सिस्टर, आंबील आंबट झाली असेल का हो? मी चाखून बघितली होती."

तुला एक विचारते. एखाद्याच्या हातून काही झालं आणि कुणाला ते दिसलंच नाही, तर ते झालं असं म्हणायचं का? नुसतं मनात आलं म्हणून विचारते.

पुलेंग


१० जुलै १९९६
हा-सेखोबे

पुलेंग,

तुझं पत्र वाचून मला काळजी वाटली. अक्षर तुझं वाटत नाही.

मला वाटतं तू घाबरलीस, आणि कशाला ते मला कळलं. पोरीनं खरंच काही घातलं असेल आणि तिनं हातानं दिलेलं तू बघितलं असशील, तर तुझ्या जिवाला घोर लागणारच. तूच विचारतेस ना, कुणाला दिसलं नाही तर झालं म्हणायचं का? तू काही बघितलं असलंस तरी गप्प राहा. तो त्यांच्या घरातला मामला आहे. सुना आणि सासवांच्या मधे बाहेरचं माणूस गेलं की दोन्हीकडून मार खातं. तू सिस्टर आहेस, निवाडा करणारी सरदार नाहीस. तुझं काम सुई टोचायची, चादर बदलायची. बाकी त्यांचं ते बघतील.

एवढं मात्र खरं, तू त्या पोरीबद्दल पुन्हा पुन्हा लिहितेस. तिच्यात फार गुंतू नकोस. आजारी माणसं येतात नि जातात, तुला तिथेच राहायचं आहे.

महिन्याअखेरीला सुट्टी घेऊन ये. कालवड दाखवते. चार दिवस झोप.

तुझी आत्या


१७ जुलै १९९६

आत्या,

तू लिहिलंस गप्प राहा, आणि ते वाचून मला केवढं हलकं वाटलं. एक पूर्ण दिवस मी गाणं गुणगुणत काम केलं. मग मला कळलं की मी कशाला गुणगुणते आहे, आणि मी बाथरूममध्ये जाऊन ओकले.

पोरीनं काही केलं नाही. मी केलं.

तुला सगळं सांगते, वाचून झाल्यावर चुलीत टाक.

चौदा जूनला डॉक्टरांनी दोघा भावांना बाहेरच तपासलं आणि दोन कागद माझ्या हातात दिले. एकावर सेकाके, साखरेचा आजार, रोज सकाळी इन्सुलिन. दुसऱ्यावर मोएकेत्सी, छातीत पाणी. मी आत आले तेव्हा दोघंही नऊ आणि दहा नंबरच्या खाटेवर, ब्लँकेट नाकापर्यंत, दोघांच्याही पांढऱ्या दाढ्या, चेहरा एकच. दोघांनाही धाप लागलेली, बोलता येईना; जखमेचा पाय उघडून बघायचंही मला सुचलं नाही. दोघंही तापानं गुंगीत. आणि एवढ्या मोठ्या माणसाला मी तोंडावर नाव कसं विचारू? माझ्या वडिलांपेक्षा मोठे. मागे आणखी तीन माणसं ओरडत होती. मी सूनबाईकडे वळले. नऊ नंबरकडे बोट केलं आणि विचारलं, "हे सेकाकेबाबा ना?"

तिनं मान खाली घातली आणि ब्लँकेटचं टोक तोंडावर घेतलं.

तुला सांगायला नको. सासऱ्याचं नाव कानावर पडलं की सून अशीच करते. मी म्हटलं, झालं, म्हणजे हाच. आणि सेकाकेबाबांचा कागद नऊ नंबरला अडकवला.

पण आत्या, सेकाकेबाबा तिचे थोरले सासरे आहेत. त्यांचं नावही ती घेऊ शकत नाही. मी कुठल्याही भावाचं नाव, कुठल्याही खाटेकडे बोट दाखवून घेतलं असतं तरी तिनं मान खालीच घातली असती. नऊ नंबरला मोएकेत्सीबाबा होते. मीही इथलीच, मलाही हे माहीत होतं. एक क्षण थांबले असते तर आठवलं असतं. मी थांबले नाही.

पंधरा तारखेला सकाळी आठ वाजता मी मोएकेत्सीबाबांना इन्सुलिन दिलं. वीस युनिट. ज्याला साखरेचा आजारच नाही त्या माणसाला. साडेआठला सुनेनं त्यांना आंबील भरवली, दोन चमचे गेली. दहा वाजता ते घामानं भिजले. मला कळेना काय होतंय. आणि तेवढ्यात दहा नंबरचे बाबा डोळे उघडून म्हणाले, "बेटा, आज माझी सुई राहिली का?"

तेव्हा मला कळलं, सुई कुणाला गेली ते. मी ग्लुकोजला धावले. ते हुशारीचं काम नव्हतं, मला माहीत होतं म्हणून धावले. आणि डॉक्टर यायच्या आधी, बाबा खाटेवर झटके देत असताना, मी नऊ आणि दहाचे कागद अदलाबदल केले. त्या हातांनी, जे त्या वेळी बाबांचं डोकं धरायला हवे होते.

आता सगळं बरोबर लिहिलेलं आहे. कागदावर बघितलं तर कुणाचीच चूक नाही.

काल सासूनं पोरीच्या पाठीवरून बाळ सोडवून घेतलं. म्हणाली, "विष देणाऱ्या हाताचं दूध नको." येत्या रविवारी त्यांच्या घराण्याची माणसं इथेच हॉस्पिटलच्या आवारात बसणार आहेत. पोरीला वैदूकडे नेऊन बोलतं करायचं, आणि मग माहेरी पाठवायचं, बाळाशिवाय. पोर दिवसभर माझ्या मागेमागे फिरते. तिला वाटतं मी एकटीच तिच्या बाजूची आहे. आज तिच्या छातीतून दूध गळून पोलकं भिजलं होतं आणि ती मला विचारत होती, "सिस्टर, मी त्यात काय घातलं होतं? मला आठवत का नाही?" आत्या, तिला आता खरंच वाटायला लागलं आहे की तिनंच काहीतरी केलं.

मी सांगितलं तर माझं नर्सिंगच्या रजिस्टरमधलं नाव जाईल. कदाचित पोलीस येतील. दवाखान्यात माझ्याकडे बोट दाखवतील. घरी पाठवते ते बंद होईल, धाकट्या भावाची, मोसाची शाळा बंद होईल. सुई हातात घेतली की प्रत्येक म्हाताऱ्याचा चेहरा तोच दिसतो.

काय करू?

पुलेंग


२० जुलै १९९६
हा-सेखोबे

पुलेंग,

बसचा ड्रायव्हर लेफा आपल्या गावचा आहे. हे पत्र त्याच्या हातात देते. तो आजच तुझ्याकडे पोचवेल म्हणाला. टपालावर सोडलं तर उशीर होईल.

मी तुला गप्प राहा म्हटलं ते चुकलं. मला काही माहीत नव्हतं, तरी मी सांगायला गेले. आता जे माहीत आहे ते सांगते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या वडिलांनाही नाही.

काका खाणीच्या हॉस्पिटलात वारले ते तुला माहीत आहे. एक पेटी आली आणि एक कागद आला. मला वाचता येत नव्हतं. शाळामास्तरनं वाचून दाखवला, चार ओळी, घाईत, कारण त्याला पावसाआधी घरी जायचं होतं. हृदय बंद पडलं, एवढंच. मी विचारलं, का बंद पडलं? तो म्हणाला, लिहिलेलं नाही. त्या कागदासाठी मी अक्षरं शिकले. मुलांच्या पाटीवर, एक वर्ष. मग मी तो स्वतः वाचला. खरंच लिहिलेलं नव्हतं.

पण मला कारण माहीत होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. ते वारण्याच्या तीन आठवडे आधी मी त्यांच्या खोकल्यावर एका वैदूबाईकडून मुळी घेऊन पाठवली होती. एका गाववाल्याबरोबर. चांगली उकळून प्या म्हणून निरोप दिला होता. तेव्हापासून अकरा वर्षं झाली. काळी वस्त्रं एक वर्षानं उतरवली, पण मुळी अजून माझ्या हातात आहे. कधी वाटतं तीच कारण. कधी वाटतं नाही. तिथे एखादी सिस्टर होती, तिनं त्यांचे डोळे मिटले असतील. तिला माहीत असेल की मुळीचा काही संबंध नव्हता, किंवा होता. ती मला एक ओळ लिहू शकली असती. तिला वाटलं असेल, कशाला. मी तिला दोष देत नाही. पण ती एक ओळ मला मिळाली असती तर मी दुसऱ्या तऱ्हेनं म्हातारी झाले असते.

ती पोर एकोणीस वर्षांची आहे. तिच्या हातात तू मुळी देऊ नकोस.

मोसाच्या शाळेचं मी बघते. कालवड विकू. रजिस्टरमधलं नाव गेलं तर गेलं. पोलीस आले तर मी येईन आणि तुझ्या शेजारी बसेन, मला आता वाचता येतं, ते लिहितील ते मी वाचून बघेन. मला तुझ्यासाठी भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण तू रविवारच्या आत बोल. घराण्याची माणसं बसायच्या आधी. एकदा ती बसली की त्यांना निकाल द्यावाच लागतो.

आधी जेव, मग बोल.

मा-थातो


४ ऑगस्ट १९९६

आत्या,

लेफा त्याच शनिवारी दुपारी आला. मी पत्र चादरींच्या खोलीत वाचलं. एकही घडी घातली नाही.

मुळीबद्दल काय लिहू मला कळत नाही. इतकंच लिहिते की खोकल्याच्या मुळीनं तीन आठवड्यांनी हृदय बंद पडत नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मी आता कुणाला बरं वाटावं म्हणून काही लिहिणार नाही. पण मी तिथे नव्हते, तेव्हा त्याहून जास्त मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी पाळी बदलताना स्तोत्र संपलं. मेट्रन रजिस्टर उघडणार तोच मी म्हटलं, "मला काही सांगायचं आहे." माझा आवाज इतका बारीक निघाला की दिमाकात्सोबाई म्हणाल्या, "मोठ्यानं बोल, बाई, उंदीर आहेस का?" मग मी मोठ्यानं बोलले. सगळं. कागद बदलले तेही. मेट्रननं पेन खाली ठेवलं. दिमाकात्सोबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांच्या घाबरायच्या दहा मिनिटांत ते बसत नव्हतं.

मेट्रन म्हणाल्या, "राजधानीला, मासेरूच्या कचेरीत कळवावं लागेल. ते लिहितील, बोलावतील, पुढचं मी काही सांगू शकत नाही." मग जरा थांबून, चिडून, "आणि तोवर वॉर्ड कोण बघणार? मी? माझ्याकडे माणूस आहे का दुसरं? चल, आधी बाहेर त्यांना सांग. मी सोबत येते."

बाहेर चुलींपाशी घराण्याची माणसं जमायला लागली होती. सहा पुरुष, चार बायका, सासू बाळाला मांडीवर घेऊन. पोर लांब, दगडावर, एकटी. आत्या, मला आजवर एवढी भीती कधी वाटली नाही. लहानपणी नदीला पूर आला होता तेव्हाही नाही. मेट्रननं माझं कोपर धरलं होतं. मी मोएकेत्सीबाबांच्या बायकोसमोर गुडघ्यांवर बसले आणि सांगितलं, सुई मी चुकून त्यांना दिली, ती दुसऱ्या माणसाची होती. त्या सुईनं अंगातली साखर संपते. म्हणून ते कोसळले. आंबिलीनं नाही. डॉक्टरांनीही येऊन सांगितलं, उलट सुनेनं भरवलेले ते दोन चमचे पोटात होते म्हणूनच कदाचित दहा वाजेपर्यंत तग धरला, नाहीतर आधीच गेले असते.

कुणीतरी दगड उचलेल असं वाटलं. एका पुतण्यानं काठी जमिनीवर आपटली आणि माझ्या अंगावर ओरडला. सासूनं हात वर केला, तो थांबला. तिनं मला प्रश्न विचारले. किती वाजता? दुखत होतं का? ते कुणाला हाक मारत होते का? मी एकेक उत्तर दिलं. कुणाला हाक मारली ते सांगितलं, सूनबाईला, "पोरी, पाणी" म्हणून. मग ती उठली, सुनेकडे गेली आणि म्हणाली, "बाळ भुकेलं आहे." एवढंच. बाळ तिच्या हातात दिलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "तू माझ्या नवऱ्याच्या खाटेपाशी यायचं नाही." मी म्हटलं, "बरं."

घराण्याची माणसं उठून गेली. निकाल झालाच नाही. पोरीनं माझ्याकडे बघितलं नाही, अजून बघत नाही. तेही बरोबरच आहे.

नऊ नंबरचं सगळं आता दुसरी सिस्टर करते. मोएकेत्सीबाबा तसेच आहेत. मासेरूहून अजून काही आलेलं नाही. रोज बस येते त्या वेळी मी खिडकीकडे पाठ करून उभी राहते. मला झोप नाही. चादरींचा उपयोग होत नाही आणि चहाचाही. युक्त्या संपल्या, आत्या. आता मी भीतीसकटच काम करते.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी दहा नंबरपाशी गेले. सेकाकेबाबा. भावाचं सगळं त्यांना कळलं होतं, मला वाटलं ते तोंड फिरवतील. सिरिंज भरलेली होती आणि हात इतका हलत होता की सुईचं टोक दिसत नव्हतं. आजूबाजूच्या खाटांवरचे सगळे बघत होते. बाबांनी दंड उघडा केला, पण माझा हात पुढे होईना.

ते म्हणाले, "नाव विचार."

मी म्हटलं, "बाबा, तुमचं नाव मी कसं विचारू?"

"तोंडानं."

कुणीतरी हसलं.

मी विचारलं, "बाबा, तुमचं नाव काय?"

ते उशीवर टेकून सरळ बसले. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सेकाके. मोलेफेचा मुलगा. बाटाउंग कुळातला, सिंहाच्या घरातला." पुढे कुळाची सगळी बिरुदं म्हटली, एकही गाळली नाही, श्वास घेत घेत. मला चार खाटा अजून बघायच्या होत्या. मी उभी राहिले. मग त्यांनी बोट नऊ नंबरकडे केलं. "आणि हा बोलत नाही, हा मोएकेत्सी. त्याच बापाचा. त्याच्यासाठी मी सांगत जाईन. कागदावर बघ आता, जुळतं का."

मी कागद काढून वाचला. म्हटलं, "जुळतं."

"मग टोच."

माझा हात अजून हलतच होता. त्यांनी दंड हलवला नाही.

पुलेंग